कर नाही, तरीही डर

१२ एप्रिल २०२४. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात एका दुरुस्तीवर मतदान झाले. बाजूने २१२, विरोधात २१२. बरोबरी झाली तर दुरुस्ती फेटाळली गेली असे तिथे मानतात, म्हणून ती फेटाळली गेली. विरोधातल्या २१२ मतांत एक मत सभापती माइक जॉन्सन यांचे होते. तिथले सभापती नेहमीच्या मतदानात सहसा भाग घेत नाहीत. त्या दिवशी त्यांनी घेतला. न्यायविषयक समितीवर साधे सदस्य असताना जॉन्सन याच मागणीच्या बाजूचे होते. सभापती झाल्यावर गुप्तचर अधिकाऱ्यांनी त्यांना बंद खोलीत माहिती दिली आणि त्यांचे मत बदलले. हे त्यांनी लपवले नाही, उलट मत बदलण्याचे कारण म्हणून जाहीरपणे सांगितले.

मागणी फार मोठी नव्हती. परदेशी माणसांवर पाळत ठेवताना सरकारकडे संदेशांचा जो साठा जमतो, त्यात एखाद्या अमेरिकी नागरिकाचे नाव, फोन क्रमांक किंवा ईमेल घालून शोध घ्यायचा असेल, तर आधी न्यायाधीशाकडे जा, संशयाला आधार काय ते सांगा आणि वॉरंट आणा. घराची झडती घेताना पोलिसांना जे करावे लागते तेच.

एका मताने हे हुकले. आठवड्याभराने, २० एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर, सिनेटने ६० विरुद्ध ३४ मतांनी, ही पाळत ज्याच्या आधारे चालते त्या कलम ७०२ ला दोन वर्षांची मुदतवाढ दिली आणि पुढची तारीख एप्रिल २०२६ ठरली. आधी पाच वर्षांचा प्रस्ताव होता. तो दोनवर आला, कारण प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन बंडखोर अडून बसले. जिम जॉर्डन यांच्यासारखे कडवे रिपब्लिकन आणि चेन्नईत जन्मलेल्या, डेमोक्रॅट पक्षाच्या डाव्या गटातल्या प्रमिला जयपाल एरवी एका वाक्यावरही एकमत होणार नाहीत. वॉरंटच्या मागणीवर ते शेजारी शेजारी उभे होते.

माझी मुलगी न्यू जर्सीत राहते, म्हणून मी हे सगळे त्या दिवसांत बारकाईने वाचत होतो. माझ्यासारखे पुष्कळ आईबाप पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत, सांगलीत आहेत. आमच्या बैठकीत विषय काढला की एकच उत्तर ठरलेले असते: कर नाही त्याला डर कशाला? अमेरिकेचे सरकार दहशतवाद्यांचे फोन ऐकते, ऐकू दे की. आपल्या मुलांची सुरक्षाही त्यातच आहे. हे म्हणणारे माझे स्नेही सरळ मनाचे, कष्टाने घर उभे केलेले लोक आहेत आणि त्यांच्या बोलण्यामागे मुलांची काळजी आहे. म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे. आणि हेच उत्तर सुटाबुटात, आकडेवारीसह देणारे वॉशिंग्टनमधले अधिकारीही आहेत. त्यांनाही उत्तर दिले पाहिजे.

आधी कायदा काय आहे ते पाहू. १९७५ साली सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने अमेरिकी गुप्तचर यंत्रणांची दप्तरे उघडली. दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ तीस वर्षे तार कंपन्या परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या तारा मुकाट्याने सरकारला दाखवत होत्या, हे तेव्हा बाहेर आले. त्या धक्क्यातून १९७८ चा 'फिसा' हा कायदा झाला: देशात परकीय हेरगिरीच्या संशयावरून कुणावर पाळत ठेवायची तर एका खास न्यायालयाचा त्या व्यक्तीपुरता आदेश हवा. ११ सप्टेंबर २००१ नंतर बुश सरकारने हे न्यायालय बाजूला ठेवून गुपचूप ऐकायला सुरुवात केली. डिसेंबर २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते छापले. त्यावर काँग्रेसने २००८ साली कलम ७०२ आणले आणि जे बेकायदा चालले होते त्यातले बरेचसे कायदेशीर करून टाकले. या कलमाखाली अमेरिकेबाहेरच्या परदेशी माणसाला लक्ष्य करायला त्याच्यापुरता आदेश लागत नाही. न्यायालय वर्षातून एकदा कामाच्या पद्धतीला मान्यता देते. लक्ष्य कोण, हे यंत्रणा ठरवते. मग गूगल, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्यांना संदेश देणे बंधनकारक होते.

लक्ष्य होण्यासाठी दहशतवादी असण्याची अट नाही. ज्याच्याकडे अमेरिकेच्या परराष्ट्र व्यवहाराशी संबंधित माहिती असू शकेल असा कुणीही परदेशस्थ परदेशी माणूस त्यात बसतो. संरक्षण संशोधनातून निवृत्त झालेला पुण्याचा शास्त्रज्ञ बसू शकतो, मुंबईचा पत्रकार बसू शकतो, इराणशी व्यवहार असलेला व्यापारी बसू शकतो. २०१३ साली अशी ८९,१३८ लक्ष्ये होती. २०२३ साली २,६८,५९० झाली. यातला प्रत्येक जण कुणाकुणाशी बोलतो, आणि समोरचा अमेरिकी नागरिक असला तरी त्याचे शब्दही त्याच साठ्यात जाऊन पडतात. अशा किती अमेरिकी माणसांचे संदेश आजवर साठले, हे सिनेटर रॉन वायडन २०११ पासून विचारत आहेत. अंदाज तरी सांगा, एवढेच त्यांचे म्हणणे. २०१७ साली राष्ट्रीय गुप्तचर संचालकांनी असा आकडा काढणे शक्य नाही असे सांगून हात वर केले.

'हा कायदा फक्त परदेशी लोकांपुरता आहे' हे वाक्य तिथल्या संसदेत धीर देण्यासाठी उच्चारले जाते. परदेशी म्हणजे कोण? मीच. अमेरिकी खासदार आपापल्या मतदारांच्या हक्कांसाठी भांडतात, तेव्हा माझ्यासारख्याचा हक्क त्या भांडणात कुठेच नसतो, आणि ते मला समजते. पण माझी मुलगी तिथली नागरिक झाली आहे, तिथे कर भरते, मत देते. आमचे रविवारचे बोलणे निम्मे तिचे असते. त्या निम्म्या बोलण्यासाठी तरी तिच्या देशाची राज्यघटना जागी असावी, एवढे मागायला मी कचरणार नाही. २०२४ च्या कायद्याने यात आणखी एक भर घातली: अमेरिकेत प्रवासासाठी येणाऱ्या परदेशी माणसांची छाननी करताना हा साठा वापरायची मोकळीक. नातवंड होणार म्हणून सहा महिन्यांच्या व्हिसासाठी रांगेत उभी राहणारी आजी आता या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

आता सगळ्यात मोठ्या युक्तिवादाकडे येतो, कारण दर वेळी मुदत जवळ आली की तोच पुढे येतो: हे अधिकार गेले तर आपण आंधळे होऊ.

हा युक्तिवाद मी तीन वेळा ऐकला आणि तिन्ही वेळा तो तपासून पाहता आला. पहिली वेळ २०१३. एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी गुप्तचर यंत्रणांचे गोपनीय कागद बाहेर काढले आणि जगाला कळले की ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आलेल्या पॅट्रियट अ‍ॅक्टच्या कलम २१५ खाली जवळपास सगळ्या अमेरिकेच्या फोनची नोंद, म्हणजे कुणी कुणाला केव्हा आणि किती वेळ फोन केला, रोज सरकारजमा होत होती. त्याच वर्षी मार्च महिन्यात गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांना सिनेटच्या समितीत थेट विचारले गेले होते: कोट्यवधी अमेरिकी लोकांची काही माहिती गोळा होते का? त्यांनी नाही म्हणून सांगितले होते. स्नोडेननंतर बचाव आला की या पाळतीमुळे ५४ कट उधळले गेले. ऑक्टोबरमध्ये सिनेटर पॅट्रिक लेही यांनी उलटतपासणी केली तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे, म्हणजे एनएसएचे, प्रमुख कीथ अलेक्झांडर यांना मान्य करावे लागले की ५४ पैकी अमेरिकेशी संबंध असलेली प्रकरणे १३, आणि फोननोंदींमुळे उलगडलेले फार तर एक किंवा दोन. ते एक प्रकरण म्हणजे सान डिएगोच्या एका टॅक्सीचालकाने सोमालियातल्या दहशतवादी संघटनेला पाठवलेले साडेआठ हजार डॉलर. पुढे २०२० साली तिथल्या अपील न्यायालयाने गोपनीय कागद स्वतः वाचले आणि सांगितले की त्या प्रकरणातही अधिकाऱ्यांनी जाहीरपणे केलेला दावा कागदांशी जुळत नाही.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे, कारण सभापती जॉन्सन यांचे मत बदलले ते अशाच एका बंद खोलीत. खोलीत काय सांगितले गेले ते आपल्याला कधी कळणार नाही. पण आधीच्या एका बंद खोलीतली गोष्ट न्यायालयाच्या टेबलावर आली तेव्हा तिचे काय झाले, हे आपल्याला पक्के माहीत आहे.

दुसरी वेळ २०१५. १ जूनला कलम २१५ ची मुदत संपली. दुसऱ्या दिवशी नवा कायदा झाला आणि फोननोंदींची ती सरसकट जमवाजमव बंद करायचे ठरले. तिसरी वेळ सर्वांत बोलकी आहे. १५ मार्च २०२० रोजी कलम २१५ आणि त्याच्याबरोबरचे आणखी दोन अधिकार पुन्हा मुदतबाह्य झाले. त्या मे महिन्यात सिनेटने ८० विरुद्ध १६ मतांनी ते परत आणायचा प्रयत्न केला, पण प्रतिनिधिगृहात ते अडले आणि पडून राहिले. वर्षे गेली. ते अधिकार परत आले नाहीत. ज्यांच्याविना देश असुरक्षित होईल असे वीस वर्षे सांगितले गेले, त्यांच्याविना एफबीआयने काम चालवले. आज त्यांची आठवण काढायलाही कुणी व्यासपीठावर येत नाही.

कलम ७०२ ची गोष्ट वेगळी आहे, आणि ते कबूल न करणे अप्रामाणिक ठरेल. ते खरोखर उपयोगी आहे. २००९ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्फोट घडवण्याचा कट पाकिस्तानातल्या एका पत्त्यावर आलेल्या ईमेलमुळे हाती लागला, आणि ते ईमेल याच कलमाखाली पाहिले गेले होते. नागरी स्वातंत्र्यांवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र मंडळानेही हे मान्य केले आहे. पण त्या उदाहरणाकडे नीट पाहा. तिथे पाळत होती परदेशातल्या पत्त्यावर. वॉरंटची मागणी करणाऱ्या दुरुस्तीने त्या पाळतीला हातही लावला नव्हता. परदेशी लक्ष्याचे संदेश घ्या, वाचा, त्यात अमेरिकी माणूस बोलताना सापडला तरी वाचा. अट एवढीच की उलट दिशेने, म्हणजे आधी नागरिकाचे नाव ठरवून मग साठा उपसायचा असेल, तर न्यायाधीशाला विचारा. एफबीआयचे तेव्हाचे संचालक ख्रिस्तोफर रे म्हणत होते की अशी अट म्हणजे जवळपास बंदीच. दुरुस्तीत तातडीच्या प्रसंगाला सवलत होती. स्वतः नागरिकाची संमती असेल तर सवलत होती. सायबर हल्ल्यापासून बचावासाठीच्या काही शोधांना सवलत होती. मजकूर न उघडता नुसती फोन-ईमेलची नोंद पाहायची असेल तर वॉरंटच लागणार नव्हते. एवढ्या सवलतींनंतर उरलेल्या जागेत न्यायाधीशाला पटेल असे एकही कारण मिळणार नसेल, तर त्या जागेतले शोध कशाच्या आधारावर चालले होते?

याचे उत्तर फिसा न्यायालयाच्याच कागदांत आहे. मे २०२३ मध्ये त्या न्यायालयाचा आधीच्या वर्षीचा एक निर्णय उघड झाला. एफबीआयने काही वर्षांत २,७८,००० हून अधिक वेळा नियम मोडून हा साठा शोधला होता. जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर २०२० च्या मे-जूनमध्ये रस्त्यावर उतरलेल्या आंदोलनांत अटक झालेले १३३ जण त्यात होते. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटलवर चालून गेलेल्या जमावातले संशयितही होते. काँग्रेसच्या एका उमेदवाराला देणगी देणारे १९,००० लोक एका झटक्यात शोधले गेले होते. यातले पहिले दोन गट एकमेकांच्या विरुद्ध टोकांचे आहेत. ज्या कुणाला वाटते की पाळत फक्त 'त्यांच्यावर' राहील, त्याने या यादीत आपले 'ते' आणि 'आपण' शोधावेत, दोघेही सापडतील. २०२३ च्याच उन्हाळ्यात त्या न्यायालयाचा आणखी एक निर्णय बाहेर आला. त्यात नियम मोडून शोधलेल्यांमध्ये एक सिनेटर होता, एका राज्याचा सिनेटर होता, आणि एका राज्याचे न्यायाधीश होते. या न्यायाधीशांनी केले काय होते? एका शहराच्या पोलीसप्रमुखाकडून नागरी हक्कांचे उल्लंघन झाल्याची तक्रार त्यांनी एफबीआयकडे केली होती.

कर नाही त्याला डर कशाला? त्या न्यायाधीशांचा कर काय होता? देणगी देणाऱ्या १९,००० जणांचा काय होता? ही म्हण गावकीत, पंचांपुढे उभे राहून खरे बोलणाऱ्यासाठी आहे. तिथे आरोप काय ते कळते, आरोप करणारा समोर असतो, आपली बाजू मांडता येते. ज्याला आपला शोध झाला हेच कधी कळत नाही, त्याला ही म्हण लागूच होत नाही. आणि डर म्हणजे शिक्षेचीच डर नव्हे. मार्टिन लूथर किंग यांचे फोन ऐकायला ऑक्टोबर १९६३ मध्ये परवानगी दिली गेली. त्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. एफबीआयने त्यांच्या खासगी आयुष्याच्या ध्वनिफिती जमवल्या आणि पुढच्या वर्षी, नोबेल पारितोषिक घ्यायला निघण्याच्या थोडे आधी, त्यांना जीव द्यायला सुचवणारे निनावी पत्र पाठवले. यंत्रणेच्या हातात कुणाचे तरी सगळे आयुष्य असले की ते वापरायची बुद्धी कुणाला तरी होते. त्याला गुन्ह्याची गरज लागत नाही.

यावर अधिकारी म्हणतात, तो काळ गेला, आता सुधारणा झाल्या आहेत. आकडे त्यांच्या बाजूने आहेत आणि ते मी नाकारत नाही. २०२१ साली अमेरिकी नागरिकांच्या नावाने एफबीआयचे शोध ३४ लाखांपर्यंत गेले होते. मोजण्याची पद्धत मध्ये बदलली, त्यामुळे सरळ तुलना करू नये. पण नव्या पद्धतीने २०२२ साली १,१९,३८३, २०२३ साली ५७,०९४ आणि २०२४ साली साडेपाच हजारांच्या आसपास, अशी घसरण झाली. घसरण खरी आहे. पण ती कशामुळे झाली ते पाहा. मुदत संपत आली होती. खासदार आकडे मागत होते. न्यायालयाचे निर्णय उघड करावे लागत होते. २००८ ते २०१८ या दहा वर्षांत हे शोध किती होतात याचा पूर्ण हिशेब कुणी देत नव्हते. २०११ साली फिसा न्यायालयाचे न्यायाधीश बेट्स यांनी एनएसएच्या इंटरनेट संकलनाचा एक भाग घटनाबाह्य ठरवला. २०१७ साली न्यायाधीश कॉलिअर यांनी न्यायालयाला वेळेवर सांगितले नाही म्हणून एनएसएला फटकारले. २०१८ साली न्यायाधीश बोसबर्ग यांनी एफबीआयच्या शोधांवर बोट ठेवले. एकामागून एक. प्रत्येक वेळी पुढच्या वेळी सुधारू असे आश्वासन मिळाले, आणि पुढच्या वेळी नवा गैरवापर सापडला. तारीख डोक्यावर आली तेव्हाच आकडा खाली आला. मग त्या तारखेलाच धोका म्हणायचे, दर वेळी मुदत पाच वर्षे, सहा वर्षे करा असा आग्रह धरायचा, हे मला समजत नाही.

शिवाय आकडा साडेपाच हजारांवर आला असेल तर वॉरंटविरुद्धचा दुसरा आक्षेपही गळून पडतो. न्यायाधीशांवर कामाचा डोंगर कोसळेल असे म्हणत होते. वर्षाला साडेपाच हजार शोध, त्यातून सवलती वजा, हा डोंगर राहत नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये ब्रुकलिनच्या जिल्हा न्यायाधीश डीआर्सी हॉल यांचा निकाल उघड झाला: अशा शोधाला नाहक झडतीपासून संरक्षण देणारी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती लागू होते, वॉरंट हवे. एका खालच्या न्यायालयाचा निकाल आहे, देशभर बांधील नाही. तरी संसदेत एका मताने हरलेली मागणी एका न्यायाधीशाला घटनेच्या मजकुरात सापडली, याचे महत्त्व मला कमी वाटत नाही. त्याच महिन्यात देखरेख मंडळाच्या तीन सदस्यांना ट्रम्प यांनी पदावरून दूर केले आणि मंडळाची गणसंख्याच उरली नाही. २०२३ मध्ये याच मंडळाच्या बहुमताने न्यायालयाच्या परवानगीची शिफारस केली होती. चांगल्या अधिकाऱ्यांवर विसंबून केलेल्या सुधारणा किती दिवस टिकतात, ते इथे दिसते. अधिकारी बदलतो, अध्यक्ष बदलतो, साठा तिथेच राहतो.

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. मुदतवाढीच्या निमित्ताने काहीतरी जास्तीचेही दिले गेले. २०२४ च्या कायद्याने 'सेवा देणारी कंपनी' या शब्दांची व्याख्या इतकी रुंद केली की संदेश ज्या यंत्रांतून जातात त्या यंत्रांपर्यंत पोहोच असणारा कुणीही तीत येऊ शकेल. घरे, हॉटेले, उपाहारगृहे वगळली, पण बाकी दार उघडे राहिले. सिनेटर वायडन यांनी याला सरकारी पाळतीच्या इतिहासातल्या अतिशय मोठ्या विस्तारांपैकी एक म्हटले. सिनेटच्या गुप्तचर समितीचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क वॉर्नर यांनी व्याख्या नंतर नीट करू असे सिनेटला सांगितले, आणि त्या शब्दावर मते पडली. आधी अधिकार, मग दुरुस्ती. हा क्रमच उलटा आहे.

इतके सांगूनही त्या २१२ विरुद्ध २१२ कडे मी पुन्हा पुन्हा का जातो, ते सांगतो. त्या हरण्याकडे मला हेव्याने पाहावेसे वाटते. त्यांना निदान हरता आले. सभागृहात नावानिशी मतदान झाले, कोण कुठे उभा होता हे नोंदले गेले, आणि दोन वर्षांनी पुन्हा याच प्रश्नासमोर यावे लागेल अशी तारीख कायद्यात लिहिली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेस भांडून भांडून जेमतेम चार महिन्यांची मुदतवाढ देऊ शकली. त्याच डिसेंबरमध्ये आपल्या संसदेत दूरसंचार विधेयक आले. १८ तारखेला मांडले, २० ला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत मंजूर. दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार त्या अधिवेशनात निलंबित होते. १८८५ च्या तार कायद्यातला फोन ऐकण्याचा अधिकार या नव्या कायद्याच्या कलम २० मध्ये जवळपास तसाच येऊन बसला. त्याला मुदत नाही. तो कधीच कुणापुढे परत येणार नाही.

इंग्रजांनी तारेसाठी लिहिलेली ही कल्पना. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात तिला काही कुंपण घातले: आदेश गृहसचिवाने द्यावा, समितीने त्याचा आढावा घ्यावा. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी त्यातही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली, कारण सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्नच नव्हता. ते प्रकरण न्यायालयापर्यंत आले म्हणून कळले. बाकीचे?

आपल्याला मुदतीची ताकद माहीत नाही असेही नाही. १९८५ सालचा टाडा हा दहशतवादविरोधी कायदा दोन वर्षांच्या बोलीवर आला होता आणि दर वेळी वाढत गेला. १९९५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा यांनी खासदारांना पत्र लिहून या वेळी तो वाढवू नका म्हणून सांगितले. त्या मे महिन्यात टाडा मुदत संपून गेला. तारीख नसती तर ते पत्र लिहायला निमित्तही मिळाले नसते.

म्हणून माझी मागणी वॉशिंग्टनकडे जितकी आहे तितकीच दिल्लीकडे आहे. कलम २० ला तीन वर्षांची मुदत घाला. वर्षाला किती आदेश निघाले, किती नाकारले, किती प्रकरणांत खटला उभा राहिला, हे आकडे संसदेपुढे ठेवा. आदेशावर सही गृहसचिवाची असू द्या, पण ती न्यायाधीशाच्या नजरेखालून जाऊ द्या. हे मागणे टोकाचे वाटत असेल त्यांनी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीचा २०१८ चा अहवाल काढून पाहावा. मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारे हेच ते श्रीकृष्ण. माहिती अधिकारातून मिळालेल्या आकड्यांवरून त्यांच्या समितीने हिशेब मांडला आहे: आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा भरते, आणि प्रत्येक बैठकीत तिच्यापुढे फोन ऐकण्याचे पंधरा ते अठरा हजार आदेश असतात. ते तपासायला बसतात तिघे जण. तिघेही सरकारचे सचिव.